एकेचाळीस घरांची खुर्ची

लवू घाडीचं अक्षर मोत्याच्या दाण्यांसारखं होतं, आणि माणसाचा घात कधीकधी त्याच्या गुणानेच होतो. गिरणीत तो साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा, तिथे अक्षराला कोण विचारतो? पण ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला आणि लवू घरी बसला तो बसलाच. घाटकोपरच्या टेकडीवरच्या रवळनाथ चाळीत लोकांचे अर्ज, रेशनकार्डाचे फॉर्म, गावची पत्रं तो फुकट लिहून देऊ लागला. बायको सुगंधा म्हणायची, "गावभर लिवन दितंस, पन चूल काय अक्षरान पेटता?"

चौऱ्याऐंशीच्या थंडीत अनुपमाबाई चाळीत आल्या. चेंबूरकडच्या कुठल्याशा संस्थेत त्या शिकवायच्या. त्यांनी लवूने लिहिलेला एक अर्ज पाहिला आणि त्याला तीन महिन्यांचं काम देऊन टाकलं. टेकडी एकच, पण वस्त्या दोन. खाली रवळनाथ चाळ, सगळी कणकवली-मालवणकडची माणसं, पूर्वीची गिरणीवाली. त्यावर ऐंशी पायऱ्या चढलं की तक्षशिला नगर, सगळी बौद्ध घरं, बहात्तरच्या दुष्काळात जालना-परभणीकडून आलेली. दोघेही पोटासाठी मुंबईत आलेले. त्यात कोण बरं रुजलं, कोण मागे राहिलं, घरात काय आहे, समाजात मान किती आहे, हे बाईंना ताडून पाहायचं होतं. त्यासाठी चार पानी फॉर्म होता.

"आणखी एक सांगते, पण हे तुमच्यापाशीच ठेवा," बाई म्हणाल्या. "एक ट्रस्ट पाण्याची लाइन आणि चार नळ द्यायला तयार आहे. पण एकाच वस्तीला. जी मागे असेल तिला. लोकांना कळलं तर कुणी खरं सांगणार नाही."

लवूने ते कुणालाही सांगितलं नाही, सुगंधालासुद्धा नाही. तेवढ्यापुरता तो शब्दाला जागला, हे त्याच्या खात्यावर लिहायला हवं. दुसरं फारसं काही लिहिता येत नाही.

आधी रवळनाथ चाळ झाली. आता कोकणी माणसाची एक खोड आहे. त्याला कसं काय विचारलं की तो रडगाणंच लावणार. चुलीवर मासे शिजत असले तरी 'काय सांगू तुका, हाल आसत' हे ठरलेलं. फॉर्ममध्ये चौदावा प्रश्न होता : गावाकडून काही येतं का? धोंडू परब म्हणाला, "खयचा येतला? शिमग्याक जातंव, तितक्याच." हे तो ज्या खाटेवर बसून म्हणाला, तिच्याखाली गावच्या तांदळाचं पोतं होतं. वर कोकमांची बरणी, कुळथाचा डबा. लवूने 'नाही' लिहिलं. घरचे तांदूळ म्हणजे कमाई थोडीच? ते आपले घरचे! संपात अर्धी चाळ गावाला जाऊन आठ-आठ महिने पेज जेवून राहिली होती, हेही फॉर्ममध्ये कुठे बसेना, म्हणून राहिलं. शेवटी त्याने स्वतःच्या घराचा फॉर्म भरला. चौदाव्या प्रश्नाला 'नाही' लिहिताना सुगंधा पुढ्यात भाताचं ताट ठेवत होती.

मग तो वर गेला. तिथे वाटाड्या म्हणून रतन खरात होता. रतन त्याच्याच गिरणीतला, पण सूत कातायच्या रिंग खात्यातला. साचाखात्यात रतनच्या लोकांना पूर्वी घेतच नसत. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्यांनी तोंड लावलेला धोटा मग आपण कसा घ्यायचा, असा प्रश्न. साचाखात्याचा पगार मात्र जास्त. लवू भरती झाला तेव्हा हे असंच चालत आलेलं होतं, आणि त्याला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. आता मात्र तो रतनच्या घरी चहा घ्यायचा, आणि आपण काही मानत नाही याचं त्याला मनातून कौतुक होतं.

पहिलं घर रतनचंच होतं. त्याची बायको शकु पांढरंशुभ्र लुगडं नेसून दारात उभी होती. आत जमीन ताजी सारवलेली, भिंतीला बुद्धाची तसबीर, आणि मधोमध हिरवी, घडीची, लोखंडी खुर्ची. पाठीवर टॉवेल टाकलेला.

"बसा, घाडीभावजी," शकु म्हणाली. निळ्या फुलांच्या कपबशीत चहा आला. लवूने फॉर्म काढला. दोन वेळचं जेवण? होतंय. अडचण? काही नाही. कर्ज? नाही बाबा. गावाकडून काही येतं?

शकु हसली. "गावाकडनं काय येणार? गावातनं आमीच आलो."

दुसऱ्या घरात शिरायच्या आधी रतनने त्याला कठड्यापाशी थांबवलं. "घाडी, इथनं विमान बघ. पार चाकं दिसतात." विमान येईपर्यंत पाच मिनिटं गेली. तिसऱ्या घराआधी रतनची चप्पल तुटली, ती नीट करण्यात वेळ गेला. आत लवू बसला, आणि बसताना खुर्ची डावीकडे कलली तशी त्याची नजर खाली गेली. उजव्या पायाला सायकलच्या ट्यूबचा काळा तुकडा गुंडाळलेला होता. तो त्याने पहिल्या घरातही पाहिला होता. दुसऱ्या घरातही. चहा आला, कपबशीवर तीच निळी फुलं. मागच्या दाराशी बायकांची कुजबुज झाली आणि कुणीतरी 'श्श' केलं.

लवूच्या सगळं ध्यानात आलं. आख्ख्या तक्षशिला नगरात खुर्ची एकच. जयंतीच्या वर्गणीतून घेतलेली, पाहुण्यासाठी ठेवलेली. रतन त्याला पुढच्या दारी विमानं दाखवत होता आणि बायका मागच्या बोळातून खुर्ची, कपबशी, टॉवेल पुढच्या घरी पोचवत होत्या. आलेला माणूस जमिनीवर बसू नये, आणि त्याने आपल्याला लाचार पाहू नये. ज्यांच्या आज्यापणज्यांना वेशीबाहेर उभं राहून मागून खावं लागलं, ती माणसं परक्यापुढे 'नाही' हा शब्द उच्चारत नाहीत. खालच्या चाळीत असलेलं लपवत होते, वरच्या वस्तीत नसलेलं.

आणि हे कळणारा माणूस सगळ्या मुंबईत त्या क्षणी एकच होता. अनुपमाबाईंना हे पोथ्या वाचून कळलं नसतं. लवूला कळलं, कारण तो दोन्हीकडच्या चुलीपर्यंत जाऊन आला होता. फॉर्मवर रकाना होता : खुर्ची, आहे की नाही. लवूचं पेन अडलं. सुगंधाची कंबर त्याला आठवली. रोज सकाळी ती रस्त्यावरच्या नळावरून दोन हंडे घेऊन दीडशे पायऱ्या चढायची, आणि वर आली की भिंतीला धरून उभी राहायची. बाई म्हणाल्याच होत्या, "तर्क करू नका, दिसेल ते लिहा." खुर्ची दिसत होती. तो तिच्यावर बसलाच होता.

त्याने 'आहे' लिहिलं. तीन दिवसांत एकेचाळीस घरं झाली आणि त्या झकास अक्षरात एकेचाळीस खुर्च्या लिहिल्या गेल्या. सदतिसाव्या घरातल्या माउलीकडे दोनच भांडी होती आणि आत लपवलेली पोरं डोकावत होती, तिथेही लवूने चहा घेतला आणि 'आहे' लिहिलं. तिथून निघताना त्याला धड पायऱ्या दिसेनात.

अहवाल वर्षभराने छापून आला. लवू त्याआधी एकदा मनाचा हिय्या करून चेंबूरला गेला होता. दोन रात्री झोप नव्हती, सांगून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. अनुपमाबाईंनी खुर्ची दिली, चांगली वेताची.

"घाडी, तुमच्यामुळे काय सुंदर माहिती मिळाली!" बाई म्हणाल्या. "बघा ना, वरच्या वस्तीत शंभर टक्के घरांत खुर्ची, तुमच्याकडे जेमतेम सहा घरांत. कर्ज नाही, तक्रार नाही. त्यांनी किती प्रगती केली! आणि संपानंतर कोकणातली माणसं पार खचली."

लवू म्हणाला, "मॅडम, एक सांगायचं होतं."

"बोला ना."

"नळ कधी येतील?"

असं त्याच्या तोंडून गेलं. आपल्याच तोंडातून गेलेले शब्द त्याने ऐकले आणि चहा न घेता तो उठला. अहवालाच्या पहिल्या पानावर 'श्री. लवू घाडी यांच्या प्रामाणिक साहाय्याबद्दल आभार' असं आलं. ते पान चाळीत हातोहात फिरलं, धोंडूने नारळ फोडला. सुगंधाने ते ट्रंकेत साडीखाली ठेवलं. लवूला ते जाळून टाकावंसं वाटे, पण जाळलं असतं तर सुगंधाला कारण सांगावं लागलं असतं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात चार नळ आले आणि चाळ शहाणी झाली. नळांना लाकडी पेटी केली, पेटीला कुलूप, आणि रोज एका घराकडे चावी. वरच्या बायकांना पाणी द्यायचं की नाही यावर मीटिंग झाली. अहवालातला खुर्च्यांचा आकडा तोवर चाळभर झाला होता. धोंडू म्हणाला, "तेंच्याकडे खुर्च्ये आसत, नळ पन घेवन् येतले." सगळे हसले. शेवटी ठरलं, आपलं भरून झालं की घरटी एक हंडा द्यावा, उपकार म्हणून. लवू मीटिंगला होता. तो हसला नाही, पण बोललाही नाही, आणि ज्याने बोलायचं तोच गप्प बसला तर हसणाऱ्यांना काय म्हणायचं?

मे महिन्यात एकदा चावीची पाळी घाड्यांकडे आली. लवूला तोवर जोगेश्वरीच्या एका कारखान्यात वॉचमनची नोकरी लागली होती, त्या दिवशी त्याला सुट्टी होती. अकरा वाजता चाळीचं भरून झालं आणि वरून शकु उतरली. डोक्यावर चुंबळ, कमरेला हंडा, उन्हाने चेहरा काळवंडलेला. दोन वर्षांत बाई दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. लवू घरात गेला आणि स्टूल घेऊन आला.

"बसा, वहिनी. धार बारीक आहे, वेळ लागेल."

शकु स्टुलाकडे पाहून हसली आणि पायरीवरच टेकली. "तुमाला एक बोलायचं राहिलंय, भावजी. लई दिवस झाले. तुमी खुर्ची वळखली व्हती ना?"

लवूने हंडा नळाखाली सरकवला.

"तिसऱ्या घरात," शकु म्हणाली. "मी मागच्या दाराला उभी व्हते. तुमी पायाकडं बघितलं, मग पेन थांबलं तुमचं. माजा तर जीवच गेला. म्हटलं, आता हा माणूस हसणार, चारचौघांत सांगणार. पण तुमी मान खाली घालून गप लिवलं. एक्केचाळीस घरं हिंडलात, एक शब्द काढला न्हाई. त्या दिवशी रातभर आमी बाया तुमचंच बोलत व्हतो. परक्याची अब्रू अशी कोण झाकतं?"

हंड्यात पाणी पडत होतं. लवूला वाटलं, ही बाई शिव्या देईल तर बरं. धोंडूसारखं हसेल तरी चालेल. हे कौतुक मात्र त्याला सोसवेना.

"वहिनी," तो म्हणाला, "मी अब्रू झाकली नाही हो तुमची. नळ एकाच वस्तीला मिळणार होते. जी गरीब निघेल तिला. मला ते आधीच माहीत होतं. आमची पोती मी लिहिली नाहीत आणि तुमची खुर्ची लिहिली. हे पाणी तुमचं आहे."

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही.

हंडा भरला, वाहू लागला, तेव्हा शकुनेच हात पुढे करून नळ बंद केला. पाणी वाया गेलेलं तिला चालत नव्हतं. लवू हंडा उचलायला वाकला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि एकटीने तो डोक्यावर चढवला. दोन पायऱ्या चढून ती थांबली. मान वळवता येत नव्हती, म्हणून समोर बघतच बोलली.

"हे आमच्या मालकास्नी सांगू नका. आमच्यात भांडण निघालं, खालच्यांवर कुणी तोंड टाकलं, की ते तुमचं नाव घेत्यात. म्हणत्यात, घाडीवानी माणसं बी हायेत तिकडं. त्यांना तेवढं असू द्या. मी बी बोलणार न्हाई."

आणि ती ऐंशी पायऱ्या चढून गेली.

दुसऱ्या दिवशी लवू कामावर निघाला तेव्हा वरच्या कठड्यावरून हाक आली. "काय घाडी! ड्यूटी काय?" रतन हात हलवत उभा होता. आता लवूची अब्रू शकुच्या पदराखाली होती. त्याने हात वर केला आणि म्हणाला, "होय रे, निघालो."