ढोल्या पोत्याला का भ्यायचा

मैत्री, तन्मय — हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या बाबांना नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही. शेजारच्या सलीमभाऊंना ठाऊक आहे, पण ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं म्हणून. मी तोंड उघडलं म्हणून नव्हे.

आणि वय झालं तशी आजी मऊ झाली, असं तुमच्या आईला वाटायला नको. झालेली नाही. तो बोका मला तेव्हा आवडत नव्हता आणि आजही त्याची आठवण मला प्रेमाने येत नाही. तरी लिहिते आहे. का? कारण मागच्या रविवारी फोनवर मैत्री म्हणाली, ‘आजी, मी मांजर नाही पाळणार. एकाला टाकून आले, तो त्यातच मेला. पुन्हा नको.’ किती सहज म्हणालीस — आपल्याला चष्मा आहे, असं सांगावं तसं. आणि मी काय केलं? जेवलीस का, म्हणून विचारलं.

तुम्ही आपल्या सावली गावाहून परदेशी गेलात तेव्हा मैत्री, तू चौथीत होतीस. तन्मय तर अजून बोबडं बोलायचा. ढोल्याला तुम्ही खांद्यावर टाकून अंगणभर फिरवायचात. त्याचे मागचे पाय लोंबकळायचे आणि तो मुकाट असायचा. शेजारची रझियाबाई त्याला उचलायची, दूधवाला उचलायचा. हे नीट लक्षात ठेवा. तेव्हा त्याला कुणीही उचलावं, असा तो होता.

तुम्ही गेलात आणि तो उंबऱ्यावर बसून ओरडायला लागला. दिवसभर. घडी करून ठेवलेल्या चादरींवर मुतायचा. मी चादरी धुवायची, पुन्हा घड्या करायची, पुन्हा तेच. माझ्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते, हे तुम्हाला माहीत आहे. पण खरं सांगायचं तर — चादरींचं निमित्त होतं. त्याचं ते ओरडणं मला सहन होत नव्हतं. तुम्ही गेलात हे मला कुणी दर तासाला ओरडून सांगायची गरज नव्हती.

आमच्याकडे नको असलेलं मांजर पोत्यात घालून वैनगंगेपलीकडे सोडतात. पाणी ओलांडलं की त्याला घराची वाट सापडत नाही, असं मानतात. सोडण्याआधी पोतं तीनदा गरगरा फिरवायचं, म्हणजे त्याला दिशाही कळत नाही. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलेली बाई. असल्या गोष्टींना मी वर्गात हसले असते. पण मी ते पोतं फिरवलं. तीनदा, मोजून.

सलीमभाऊंचा ऑटो केला होता. तांदळाचं रिकामं पोतं, तोंडाला सुतळी, माझ्या पायांशी. ढोल्या आतून ओरडत होता — माणसासारखा, लांबट. सलीमभाऊ मागे वळून म्हणाले, ‘बाई, लेकरायचं जनावर आहे. काऊन करून राह्यल्या असं?’ मी म्हणाले, ‘भाऊ, रेडिओ मोठा करा.’ त्यांनी केला. पुलापलीकडे रस्त्याच्या कडेला मी सुतळी सोडली, तर तो बाहेरच येईना. पोतं उलटं धरून झटकावं लागलं.

पावसाळ्यात धानाची रोवणी चालू होती तेव्हा तो परत आला. रझियाबाईने भिंतीवरून हाक मारली, ‘बाई, तुमचा ढोल्या वापस आला. कुठी गेल्ता कोण जाणे, हाडं राह्यली नुसती.’ एक कान फाटलेला. सलीमभाऊंनी बायकोलासुद्धा काही सांगितलं नव्हतं, हे मला त्या वाक्यातून कळलं. मला बरं वाटलं — तो परतला म्हणून नाही, ते गप्प राहिले म्हणून.

त्यानंतर कुणी हात लांबवला की तो फिस्कारायचा. मागच्या पडवीत खाटेखाली राहायचा. ताटली ठेवून मी आत गेले की मगच बाहेर यायचा. तुम्ही व्हिडिओवर म्हणायचात, आजी, त्याला जवळ आण ना. तो यायचा नाही. मैत्रीने विचारलं, तो असा का करतो? आणि मी म्हणाले — हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं — ‘तुम्ही टाकून गेलात ना, म्हणून रागावलाय.’

काय गरज होती? झोपेतून उठला नाही म्हणता आलं असतं. काहीही म्हणता आलं असतं. मला तुमच्यावर राग काढायचा होता, आणि तुझ्या बाबांशी बोलताना माझं तोंड उघडत नाही. म्हणून तो एका नऊ वर्षांच्या पोरीवर काढला.

मग थंडीत, धान कापून झालं होतं तेव्हा, तो आजारी पडला. कोपऱ्यात जाऊन बसायचा, जोर करायचा, ओरडायचा. थेंबही येत नव्हता. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर नवे होते, तरुण. गाई, बैल, शेळ्या बघण्यात त्यांचा दिवस जायचा. पण ऐकल्याबरोबर म्हणाले, लघवी तुंबली आहे, नळी घालावी लागेल, उशीर झाला तर मरेल. मांजर धरता येत नाही म्हटल्यावर ते स्वतः घरी आले. मला त्यांच्याबद्दल एक शब्दही वाईट बोलता येणार नाही.

रझियाबाईने ओढणी टाकून पाहिली. त्याने तिचा हात फोडला. रक्त पुसत ती म्हणाली, ‘आपल्या जिल्ह्यात वाघाले सुई मारून उचलतेत, अन् या बोक्यापुढं आपण तिघं चौघं हरलो.’ डॉक्टर हसले आणि म्हणाले, एखादं पोतं आहे का?

मी पोतं आणलं. ढोल्या ते पाहून — कसं सांगू? आजाराने अर्धमेला झालेला तो बोका भिंतीवर चढला. फळीवरचे डबे पाडले, दारावर आदळला, जागच्या जागी हगला. डॉक्टर थबकले. म्हणाले, ‘मॅडम, याला आधी कधी पोत्यात कोंडलं होतं का? तसं असेल तर हे नको. खोली अंधारी करू, कोंबड्या झाकायची टोपली टाकू. वेळ लागेल, पण धरू त्याला.’

सलीमभाऊ दारात उभे होते. रझियाबाई हाताला फडकं बांधत होती.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘कधीच नाही. मुलं परदेशी गेली, तेव्हापासून बिथरलाय.’

सलीमभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे पाहिलं.

एक ‘हो’ म्हणायचं होतं. डॉक्टरांनी मला फाशी दिली असती का? पण रझियाबाई ऐकत होती. तिच्यापुढे मी नेहमी शहाणी, स्वच्छ, शिस्तीची बाई होते. ते जपायला मी ‘नाही’ म्हणाले. मग त्यांनी पोतंच टाकलं आणि तो सुटून माळ्यावर ट्रंकांच्या मागे शिरला. ट्रंका ओढल्या तर तो आणखी आत जायचा. शेवटी डॉक्टरांना एका अडलेल्या गाईसाठी बोलावणं आलं. खाली उतरला की लगेच घेऊन या, म्हणाले.

तो उतरला नाही. दुपारनंतर ओरडणं थांबलं. रझियाबाईच वर चढली, फडकं बांधलेल्या हाताने. त्याचं पोट टम्म झालं होतं, तोंड उघडं होतं. गुंडाळायला काही द्या, म्हणाली. हाताशी होतं ते मी पुढे केलं — आणि ते पोतंच होतं. सलीमभाऊंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. ‘आता तरी राहू द्या, बाई,’ एवढंच म्हणाले. रझियाबाईने आपली ओढणी दिली. तिला वाटलं असेल, पोतं मळकं आहे म्हणून ते तसं म्हणाले. अजूनही तिला तेच वाटत असेल.

त्या संध्याकाळी तुम्हाला फोन केला. तुमची आठवण काढून काढून त्याने खाणं सोडलं, असं सांगितलं. त्याने खाणं सोडलं नव्हतं. आजारी पडला त्या सकाळपर्यंत तो ताटली चाटूनपुसून खात होता.

मैत्री, ढोल्या तुझ्यावर कधी रागावला नव्हता. उंबऱ्यावर बसून तो ओरडायचा, तो तुझी वाट पाहत. माणसाच्या हाताला भ्यायला तो माझ्यामुळे शिकला. पोत्याची गाठ मी मारली होती, आणि विचारलं तेव्हा ‘नाही’ मीच म्हणाले. त्या संध्याकाळी तू फोनवर हुंदके देत विचारत होतीस, ‘माझ्यामुळे का आजी?’ — ते मला स्पष्ट ऐकू आलं होतं. मी म्हणाले की आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला.