उसवायच्या आधी

आमची ताई चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवते. तिच्या तोंडाचा पट्टा मशीनपेक्षा जोरात चालतो, पण नजर पक्की. दुसऱ्या कुणी शिवलेलं हातात घेऊन सांगते, "ही बाई घाईत होती," नाहीतर, "हिचं लक्ष गप्पांत होतं." दुकानात तिचा एकच नियम: टाका चुकला तर उसवायच्या आधी तिला दाखवायचा. मी तिला इन्स्पेक्टर म्हणतो.

माझी मुलगी सात वर्षांची असताना तिला व्हायरल मेनिंजायटिस झाला. विषाणूमुळे मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. ताप, मान ताठ, उजेड सहन होईना. दहा दिवसांनी ती स्वतःच्या पायांनी घरी आली आणि आमच्या जिवात जीव आला. बहुतेक मुलं यातून पूर्ण बरी होतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही विषय संपवला.

दोन महिन्यांत शाळेतून तक्रारी सुरू झाल्या. मध्येच कुठेतरी बघत बसते, हाक मारली तर ओ देत नाही, वाक्य अर्धंच लिहिते. "आजारपणात लाडावलीय," बाई म्हणाल्या. "असंच चाललं तर याच वर्गात पुन्हा बसवावं लागेल." मीही पोरीला ओरडलो. त्याची लाज मला अजून वाटते.

एका सुट्टीत ताईने तिला दुकानात रुमालाला धावदोरा घालायला बसवलं. टाके छान सरळ गेले होते, पण एका जागी सात-आठ टाके एकमेकांवर चढून गाठ झाली होती. पुढे पुन्हा सरळ. पोरीला बोलणी बसू नयेत म्हणून मी गुपचूप कात्री उचलली.

"ठेव ती खाली!" ताई कडाडली. चष्मा लावून तिने रुमाल उजेडात धरला. मला एकच दिसली होती, पण अशा तीन गाठी होत्या. "कंटाळलेलं मूल टाके लांब घालतं, वाकडे घालतं, नाहीतर सुई टाकून पळतं. ही त्या वेळी इथे नव्हतीच रे. हात चालू होता, पोर नव्हती."

मी कात्री ठेवली आणि मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

त्यांच्यापुढे मी चाचरत होतो, तर ताईने मला बाजूला सारून रुमालच टेबलावर पसरला. डॉक्टरांनी गाठींवरून बोट फिरवलं आणि मेंदूचा आलेख काढायला सांगितला. त्या आजाराने मागे ठेवलेल्या छोट्या फिट निघाल्या. अंग झटकत नाही, नुसती काही क्षण शुद्ध हरपते. औषधं सुरू झाली, शाळेत चिठ्ठी गेली, वर्ष वाचलं.

"तुम्ही नर्स होता का?" डॉक्टरांनी ताईला विचारलं.

"लेडीज टेलर," ताई ताठ बसून म्हणाली.

गेल्या आठवड्यात, दोन वर्षांनी, पोरीने अख्ख्या पडद्याला धावदोरा घातला. ताईने तो इंच न् इंच तपासला. मग चष्मा काढून डोळे पुसले.

"उसवायला काही नाही," ती म्हणाली. चाळीस वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

तो गाठींचा रुमाल दुकानात आरशाशेजारी खिळ्याला टांगलाय. कुणी विचारलं की ताई सांगते, "माझ्या भाचीचं काम आहे."