कळंबच्या खारवट रानातला भात

घरी आलं ते असं: भाताच्या बियांच्या दोन पुरचुंड्या, फुकट, मोडक्या काड्यांची मूठभर जुडी, तीही फुकट. एसटीचं तिकीट तेवढं पडलं. चहाला पैसे पडले नाहीत, कारण त्या दिवशी माझा चतुर्थीचा कडक उपास होता.

कन्हेरीहून बारामतीला आले तेव्हा एमआयडीसीतल्या पाळीला जाणाऱ्या मोटारसायकलींची रांग लागली होती. कळंबची गाडी उभ्यानंच मिळाली. मैत्रिणींनो, जाणार असाल तर शेंगदाणे-गूळ बांधून न्या, कालव्यापासून बरंच चालावं लागतं.

तिथं माझ्या धाकट्या बहिणीचं, वत्सलाचं रान. उसाला पाणी देऊन देऊन खार वर आलेलं, पांढरं फुटलेलं. तिची लेक अलका शेतकी कॉलेजात शिकते. तिनं दोन जातींचा भात त्यात लावला होता. त्याच दिवशी कापणी झाली होती आणि अलका बांधावर रडत होती.

"मावशी, सगळं एक झालं गं!"

एका जातीची काडी ठिसूळ, पीळ दिला की कडकन मोडते. पेंढी तिच्याच काडीनं बांधायची आपली रीत. ती बांधता येईना, म्हणून कापणीच्या बायकांनी शेजारच्या ओळीतल्या दुसऱ्या जातीच्या काड्या घेऊन बांधल्या आणि सगळ्या पेंढ्यांचा एकच ढीग घातला. आता कुठली पेंढी कुठल्या जातीची, ओळखायचं कसं? अलकाचे सर म्हणतात, ठिसूळ जातीच्या एकाच जनुकात बिघाड आहे. त्यानं पेशीची भिंत कच्ची राहते. काडी मोडते आणि खारही सोसत नाही. पण हे अजून सिद्ध व्हायचंय, म्हणून दोन्हींचं बी वेगळं हवं.

तेवढ्यात वत्सलाचे थोरले दीर, तात्या, ट्रॅक्टर घेऊन आले.

"उचला ते गवत. हितं भात? ह्ये काय कोकण हाय व्हय? आजच नांगरून ऊस लावणार."

मी ढिगापुढं मांडी घातली. "आधी मला उचला, तात्या."

"आक्का, उनात बसून चक्कर येईल."

"उपास आहे माझा. चूल नाही, स्वयंपाक नाही. बसायला वेळच वेळ आहे."

बायका फिस्सकन हसल्या. "बसा, आक्का! आमी हाय!"

मग मी एकेक पेंढी ओढली. आधी बंद काढून टाकला, तो सगळीकडं न मोडणाऱ्या काडीचाच, मग आतली काडी वाकवली. मोडली की डावीकडं, वाकली की उजवीकडं. उजवीकडच्या लोंब्या भरलेल्या, डावीकडच्या बऱ्याच पोचट. तात्यांनीही एक काडी उचलली. मोडली. दुसरी बोटाला गुंडाळली, मोडेना. तिची भरली लोंबी तळहातावर चोळून त्यांनी दाणे मोजले.

"एक हंगाम देतो," ते ट्रॅक्टर वळवत म्हणाले. "मंग ऊस. तवा बसलीस तरी न्हाय ऐकणार."

"तेव्हाही बसेन."

निघताना अलकानं दोन्ही ढिगांतलं थोडं थोडं बी वेगवेगळं बांधून दिलं. घरी देवापुढं दोन्ही पुरचुंड्या ठेवल्या. मोडक्या काडीलाही हळदकुंकू वाहिलं, तिच्यामुळंच तर निवाडा झाला. पण अलका म्हणते, एका रानावरून काहीच ठरत नाही. तेव्हा जिच्या रानात पांढरं फुटलंय तिनं ही दोन्ही बियाणी लावून बघायला एक वाफा द्यावा. घरचे हसतील, हसू देत. बी मी पाठवते, टपालखर्च माझा. हंगाम एकच आहे. वाफा देणार की नाही, एवढं उलट टपाली कळवा.