हयातीचा दाखला
गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा सोमवार. दोन दिवस बिनपगारी रजा घेऊन मी पुण्याहून नागपूरला आलो होतो आणि बाबांना धरमपेठेतल्या बँकेत नेलं होतं. हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन थांबणार होतं. यंत्र त्यांच्या झिजलेल्या बोटांचे ठसे घेईना. पाचव्या प्रयत्नालाही ठसा जुळला नाही, तेव्हा काउंटरवरचा बाबू हसला, "काका, जिंदा आहात ना?" मी ओरडलो, "समोरचा माणूस दिसत नाही?" बाबांनी मलाच दटावलं, "काहून चिडून राहिला गा? त्याले त्याचं काम करू दे." शेवटी ठशांऐवजी डोळ्यांची बुबुळं यंत्रावर तपासून दाखला झाला. घरी त्यांनी विचारलं, "तुहा पगार किती कटला?" रागाच्या भरात मी खरा आकडा सांगितला. त्यांनी पाच हजार दोनशे मोजून माझ्या हातावर ठेवले. ते मी घेतले, याची चीड अजून जात नाही.