शांताक्कांचं वजन

शांताक्का मुलींचे चेहरे लक्षात ठेवायच्या आधी त्यांची ताटं लक्षात ठेवायच्या. लातूरच्या त्या खासगी वसतिगृहात मी अकरावीला दाखल झाले, तेव्हा आठवडाभर त्या मला नावानं हाक मारत नव्हत्या. ‘वांगं न खाणारी’ म्हणायच्या. मुदखेडहून मला सोडायला आलेले बाबा नंतर भेटायला आले, तेव्हा फाटकातच त्यांना म्हणाल्या, "पोरगी हुशार हाय तुमची, पण भाकरीचे काठ सोडते."

त्या आमच्या रेक्टर. आडव्या अंगाच्या, ठसठशीत, चालताना एका बाजूला झुकणाऱ्या. पहाटे क्लासला पळणाऱ्या मुलींना दारात अडवून हातात दशमी ठेवायच्या. कुणी म्हणालं, "अक्का, भूक नाही," तर म्हणायच्या, "भूक न्हाई असं नसतंय. भ्या वाटायलंय तुला. भ्या वेगळं, भूक वेगळी." परीक्षेच्या दिवसांत निम्म्या मुलींना अन्न जात नसे. अक्का कुणावर ओरडत नसत. फक्त ताट उचलताना त्यांचा चेहरा पडायचा, आणि तो पाहून आम्ही दोन घास जास्त खायचो.

त्या किल्लारीकडच्या, भूकंपात घर गेलेल्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तेव्हा लातुरात अशी माणसं इतकी होती, की कुणी कुणाला खोदून विचारत नसे.

मला मेडिकल मिळालं नाही. नांदेडला आहारशास्त्र शिकले, तिथेच काही वर्षं नोकरी केली आणि पुढे लातूरच्याच एका दवाखान्यात लागले. एक दिवस दारातून ओळखीचा आवाज आला, "इथं वजन कमी करून देत्यात म्हणं?"

अक्काच होत्या. गुडघे पार गेलेले, साखर वाढलेली, रक्तदाबाची गोळी सुरू. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आधी वजन उतरवा, मग ऑपरेशन.

"तू डॉक्टरीण झालीस व्हय गं वैशाली?"

"नाही अक्का. कुणी किती खायचं, ते सांगते."

"मग म्या काय येगळं करत होते?" म्हणाल्या आणि खुर्चीत मावेनात म्हणून बाकावर बसून खळखळून हसल्या.

मी त्यांना रोजचं खाणं विचारलं. सकाळी साखरेचा चहा, दुपारी तीन भाकरी, पिठलं किंवा भाजी, वर शेंगदाण्याची चटणी तेल घालून, रात्री पुन्हा तेच. मी म्हटलं, "एकदम काही सोडायचं नाही. तीनच्या दोन भाकऱ्या करा. तेल चमच्यानं मोजून घाला. वरण घट्ट घ्या, काकडी-मुळा वाढवा, दही घ्या. पोट भरलं पाहिजे, पण रोज थोडं थोडं कमी गेलं पाहिजे. महिन्याला दोन किलो उतरलं तरी पुष्कळ झालं."

अक्कांना हे फार हळू वाटलं. पहिल्याच महिन्यात त्यांनी सोमवार, गुरुवार आणि शनिवार असे तीन उपवास धरले आणि चक्कर येऊन जिन्यात बसल्या. मी रागावले. म्हटलं, "साखरेची गोळी घेऊन उपाशी राहणं धोक्याचं आहे, अक्का. आणि उपाशी राहिलं की दुसऱ्या दिवशी दुप्पट खाल्लं जातं."

"बरं बाई. तू म्हणशील तसं." त्यानंतर मात्र त्यांनी सगळं तंतोतंत पाळलं. तरी वजन हलेना. काटा महिनोन् महिने तिथेच. अक्का काट्यावरून उतरताना माझ्याकडे असं बघायच्या, जणू निकालात नापास झालेली मुलगी.

शेवटी मी एका दुपारी वसतिगृहावरच गेले; अक्का अजून तिथेच रेक्टर होत्या. मुली जेवून क्लासला निघून गेल्या होत्या. अक्का मोरीपाशी उभ्या होत्या. समोर खरकट्या ताटांची चवड. एकेक ताट उचलायचं, उरलेला भात, अर्धी पोळी, भाजीचा घास तोंडात घालायचा, ताट बाजूला ठेवायचं. ना चव, ना घाई.

"अक्का, हे काय?"

त्या दचकल्या नाहीत. "हे? हे आवरायलेय."

"हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"हे कुठं जेवण हाय गं? जेवण मघाशीच झालं माझं. दोनच भाकरी खाल्ल्या, इचार हवं तर."

मी समजावलं. अंगाला हे जेवण आणि ते आवरणं असं कळत नाही. हे सगळं मिळून एक अख्खं जेवण जास्त होतं. त्यांनी ऐकून घेतलं, हात धुतले आणि पायरीवर बसल्या.

"माझी लेक मंगल लई नखऱ्याची होती जेवायला," त्या म्हणाल्या. "भावजयीचं बाळंतपण होतं, म्हणून म्या अहमदपूरला माहेरी निघालते. गाडी धरायची घाई. हिनं निम्मी भाकरी ताटात टाकली. म्या दिली एक पाठीत. रडत बसली. तशीच सोडून गेले. परत आले तर गावच नव्हतं. बाप-लेक दोघं गेली. तवापासनं ताटात टाकलेलं बघवत न्हाई. गिळून टाकते. गिळलं म्हणजे गेलं."

त्या ताटांत दोन वर्षं माझंही एक ताट होतं, एवढंच मनात आलं.

मग निदान जमण्यासारखं होतं ते केलं. मुलींशी बोलले. आधी थोडंच वाढून घ्यायचं, लागलं तर परत घ्यायचं, ताटात काही ठेवायचं नाही. मुली गुणी होत्या, त्यांनी मनावर घेतलं. ताटं स्वच्छ येऊ लागली. पुढच्या महिन्यात काटा दीड किलोनं खाली आला, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी थोडा. अक्का जिना न थांबता चढल्या, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. ऑपरेशनची बोलणी सुरू झाली.

त्या उन्हाळ्यात मात्र वजन भराभर उतरायला लागलं. महिन्याला दोनऐवजी पाच, मग सहा किलो. अक्का खुशीत होत्या. पोलक्याला पिना लावून यायच्या, दंड धरून दाखवायच्या. "बघ, तुझं औषध लागू पडलं!"

मी विचारलं, "पुन्हा उपाशी राहताय का?"

"न्हाई गं, आईच्यान. उलट तू सांगितलंस त्यापेक्षा जास्तच खाते."

त्या खरं बोलत होत्या, हेच वाईट होतं. कमी खाऊन वजन उतरतं ते सावकाश; जास्त खाऊन असं कोसळत नाही. मी त्याच पावली त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या, सोलापूरला नेऊन आणखी झाल्या. स्वादुपिंडात गाठ होती, आणि ती काढण्याच्या पलीकडे गेली होती.

अक्कांना आजाराचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "म्हंजे हे वजन म्या कमी केलेलं न्हवतं?"

"आधीचं तुम्हीच केलंत, अक्का," मी म्हणाले. "ते तुमचंच."

त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.

मग सगळं उलटं फिरलं. ज्यांच्या चटणीतलं तेल मी मोजत होते, त्यांच्यासाठी आता साखर न बघता तुपाचा शिरा, साय घातलेली खीर, खजुराचं दूध असं सांगू लागले. दर दोन तासांनी दोन चमचे, गिळता येईल तेवढं. "आधी कमी खा म्हणत होतीस, आता खा म्हणतीस. एकदा नीट ठरव की गं," त्या चेष्टेनं म्हणायच्या. पण घास तोंडातच फिरायचा. माझ्या डोक्यात सारखी बेरीज चाले, एवढं गेलं, एवढं राहिलं. ती बेरीज कधीच पुरी होत नव्हती.

भावानं त्यांना अहमदपूरला नेलं. मी दर रविवारी एसटीनं जायचे. शेवटचं गेले तेव्हा अक्का खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. हाताचं मनगट माझ्या दोन बोटांत येत होतं. डोळे उघडून म्हणाल्या, "जेवून आलीस का?"

"हो, अक्का."

"बरं केलंस." आणि पुन्हा डोळे मिटले.

मी निघाले तशी भावजय माझ्यामागे दारापर्यंत आली. पदरानं हात पुसत म्हणाली, "ताई, शिरा झाला, खीर झाली, पेज झाली. आता आणखी काय देऊ? तुम्ही शिकलेल्या, सांगा की."

मी म्हणाले, "जे मागतील ते द्या."

"काय मागतच न्हाईत हो," ती म्हणाली.

पुढच्या रविवारच्या आतच अक्का गेल्या.