तपासणीआधीची साफसफाई

सांगलीजवळच्या हळदीच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले तेव्हा माझ्या ताब्यात दोन गोष्टी आल्या: पावडरीचे कण मोजणारं लेसरचं यंत्र आणि सुभेदार. सुभेदार मेढ्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन आमच्याकडे मदतनीस. यंत्र इतकं भित्रं की बाहेरून ट्रक गेला तरी आलेख थरथरायचा. सुभेदार कशालाच भीत नसत, आणि खरी अडचण तीच होती.

प्रत्येक नमुना आम्ही तीनदा मोजायचो. प्रत्येक मोजणीची एक ओळ कॉम्प्युटरात साठायची, मग ती चांगली असो की फसलेली. त्यातली एकही पुसायची नाही, हा नियम. तो सुभेदारांना सांगावा लागेल असं मला वाटलंच नाही. पासवर्ड मात्र मी सांगून ठेवला होता, माझा स्वतःचा. सकाळी यंत्र सुरू करायला तेच आधी यायचे ना!

मोठ्या गिऱ्हाइकाचे तपासनीस येणार होते. तपासणी नीट पार पडली तर मला कायम करणार होते. तीन वर्षं मी कायम केल्याच्या पत्राकडे डोळे लावून बसले होते. तपासणीच्या दिवशी पोचले तर सुभेदार पहाटेपासून कॉम्प्युटरसमोर ताठ बसलेले.

"समदं चकाचक केलंय म्याडम! एका मालाच्या तीन-तीन वळी, लय गबाळं दिसत हुतं. ज्येच्या आलेखाचा डोंगर मधोमध झ्याक हाय तेवढीच ठेवली. बाकीची उडवली."

फौजेत साहेब येणार म्हटलं की आधी झाडू हातात घेतात, त्याला मी काय करणार? नोंदींनुसार आमची हळद आता वर्षभरात एकदाही चुकलेली नव्हती. इतकी गुणी हळद बघून कुणालाही संशय आला असता.

तपासनीसांनाही आला. त्यांनी पुसलेल्या नोंदींची यादी उघडली. ओळीओळीला माझं नाव. पुसताना सॉफ्टवेअर कारण विचारतं. सुभेदारांनी दर वेळी न कंटाळता लिहिलं होतं, "साफसफाई".

"हे काय आहे?" तपासनीसांनी मला विचारलं.

"कॉम्प्युटर हँग झाला" असं सांगायला मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात मागून बुटांचा आवाज झाला.

"त्ये मी केलं साहेब. म्याडमचा काय बी दोष न्हाई."

मला इतकी लाज वाटली की ते खोटं मी बोललेच नाही. "पासवर्ड मीच दिला होता," मी म्हणाले.

पुसलेलं सगळं दर शनिवारी काढून ठेवायच्या बॅकअपच्या प्रतीतून परत मिळालं. माझं पत्र मात्र सहा महिने लांबलं. तपासनीसांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर सुभेदार माझ्यावरच उखडले.

"आवं म्याडम, मला पेन्शन हाय. तुमी कशाला मधी बोललासा?"