चार गुणांचा बाप

नववीची मुलं जी गाईडं घेऊन फिरतात त्यांच्या मुखपृष्ठावर 'अनुभवी शिक्षक मंडळ' असं छापलेलं असतं. हे मंडळ म्हणजे एकट्या बाई. वय सत्तावन्न, चष्मे दोन, कचेरी म्हणजे जेवणाचं टेबल. पानं घ्यायची वेळ झाली की मंडळ आपले कागद गोळा करून फ्रिजवर ठेवतं.

काम ठरलेलं. नेमलेली कादंबरी वाचायची, पात्रांची स्वभाववैशिष्ट्यं काढायची, महत्त्वाची वाक्यं निवडून त्यांचं संदर्भासह स्पष्टीकरण लिहायचं. बावीस वर्षांत हात इतका बसला होता की विशेषणं आपोआप उतरायची. आजी असली की मायाळू, शेजारी असला की परोपकारी, आणि बाप कसाही असो, बाहेरून कठोर पण आतून प्रेमळ. आजवरच्या गाईडांतले झाडून सगळे बाप असेच होते. पेपर तपासणारेही तेच शब्द शोधायचे आणि सापडले की पुरे गुण द्यायचे.

यंदा खेळावरची नवी कादंबरी लागली. आठशे मीटर धावणारी मुलगी आणि तिला तयार करणारा तिचा बाप. मुलगी पाय सुजलाय म्हणते तेव्हा बाप म्हणतो, "पाय तुझे असले तरी पळतोय मी." हे वाक्य परीक्षेला येणार, हे बाईंनी पहिल्याच वाचनात ओळखलं आणि खाली लिहून टाकलं : 'यातून वडिलांची मुलीशी असलेली एकरूपता दिसते. वडील बाहेरून कठोर पण आतून प्रेमळ आहेत.'

प्रुफं बाईंची मुलगी तपासायची. एकतीस वर्षांची, शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहणारी. रविवारी दहाला यायची, प्रुफं बघायची, जेवून जायची. प्रुफं नसली तर यायची नाही. फोन केला तर "बरी आहे" एवढंच. म्हणून बाई हल्ली वर्षाला एकाऐवजी तीन गाईडं घेत.

मुलगी सोळाव्या वर्षापर्यंत पोहायची. शिकवायचे वडीलच, शाळेत खेळाचे मास्तर होते. पुढे तिचा खांदा कायमचा गेला. वडील आता निवृत्त. बाहेरच्या खोलीत बसून टीव्हीतल्या खेळाडूंना सूचना देतात. मुलगी आली की आवाज थोडा कमी करतात.

त्या रविवारी तिची पेन्सिल मध्येच थांबली.

"आई, एकरूपता?"

"चार गुणांत तेवढंच बसतं गं."

"पाय सुजलाय तिचा. सुजलेल्या पायाशी कसली एकरूपता?"

"मुलं हेच लिहितात, मास्तर ह्यालाच गुण देतात. मी काय साहित्य लिहितेय का?"

"असंच छापणार असशील तर पुढची प्रुफं दुसऱ्या कुणाकडून बघून घे," मुलगी म्हणाली आणि न जेवता गेली.

बाईंनी कादंबरी पुन्हा काढली. बाप वेळ किती लागला हे किती वेळा विचारतो आणि पाय कसा आहे हे किती वेळा, ते कागदावर मांडलं. दुसऱ्या रकान्यात एकही खूण पडली नाही. त्यांनी बाप नव्याने लिहिला आणि प्रत्येक मुद्द्यापुढे पानाचा आकडा टाकला.

प्रकाशकाचा फोन आला. "बाई, बापाला पार खलनायक केलात की हो! पोरांचे गुण जातील."

"आकडे दिलेत ना पानांचे? पुस्तकातलीच वाक्यं खोडायला मास्तर काय वेडे आहेत?"

"तुम्ही काही ऐकायच्या नाही. बरं, पान तेवढं वाढवू नका."

'बाप बदललाय,' एवढंच बाईंनी मुलीला फोनवर सांगितलं. रविवारी मुलगी आली. बापाचं पान तिने सावकाश वाचलं. 'मुलीला लागलंय हे त्याला दिसतं, पण वेळ चुकतेय हे त्याला जास्त दिसतं.' पेन्सिल पुढे सरकली आणि 'गौण पात्रे' या मथळ्याखाली थांबली. तिथे होतं : 'आई : सोशिक, कुटुंबवत्सल.'

"ही तशीच ठेवलीस."

"सगळ्या पुस्तकात तीनदा तर येते ती."

"तिन्ही वेळा काय करते?"

बाईंना पानं पाठ होती. "पहाटे दार उघडते. दोघांना जायला."

"मुलगी लंगडत असली तरी?"

"हो."

"अगं, चहा होतोय का?" बाहेरून आवाज आला.

बाईंनी मुलीच्या हातातली पेन्सिल घेतली. दोन्ही शब्दांवर आडवी रेघ मारली. मग बारीक अक्षरांत लिहिलं : 'मुलगी लंगडतेय हे आईला माहीत असतं. तरी ती दार उघडते.'

"ह्याला गुण नाही मिळायचे," त्या म्हणाल्या.

मुलीने ओळ दोनदा वाचली. मग खुर्ची आईच्या बाजूला ओढली.

"एक ओळ जास्त होतेय," ती म्हणाली. "खालच्या 'शेजारी'मधलं काय काढता येईल बघू."